धर्म-तत्त्वज्ञानाचें अध्ययन आणि आमचीं सुशिक्षित घरें

तळेगांवाहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यानें इंदोरी मागें टाकली म्हणजे थोड्याच वेळांत सुदुंबऱ्याचा फांटा लागतो. मावळांतील हें गांव संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचें गांव म्हणून वारकऱ्यांस परिचित आहे. संताजी मूळचे चाकणचे. जातीनें तेली, व्यवसायानें घाणा चालविणारे, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकीं एक आणि त्यांच्या अभंगांचे लेखक. इंद्रायणीकांठचा कुणबी वाणी बोलत गेला आणि घाण्यावर राबणारा तेली तें लिहून घेत गेला, अशा रीतीनें महाराष्ट्राचें सर्वांत मोठें धर्मचिंतन कागदावर उतरलें. आज याच सुदुंबऱ्यांत अभियांत्रिकीचें महाविद्यालय आहे, राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या पांचव्या वाहिनीचा तळ आहे, आणि दोहों बाजूंस तळेगांव व चाकण येथील कारखान्यांची रांग आहे. या गोष्टींस आमची हरकत नाहीं. यंत्रें पाहिजेत, पुरांतून माणसें काढणारे जवान तर पाहिजेतच. आमचा आजचा वाद दुसऱ्याच गोष्टीविषयीं आहे.

संताजींच्या समाधीविषयीं एक आख्यायिका सांगतात. तुझ्या अंतकाळीं मूठमाती द्यावयास मी येईन, असें वचन तुकोबांनीं संताजींस दिलें होतें. तुकोबा आधीं गेले. पुढें संताजींनीं देह ठेवला, तेव्हां कितीही माती लोटली तरी त्यांचें मुख झांकेना. शेवटीं तुकोबा स्वतः आले, त्यांनीं मूठमाती दिली, आणि मगच देह मातीआड झाला.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील मुलगी दहा-अकरा वर्षांची असतांना आपल्या आजीबरोबर या समाधीच्या दर्शनास गेली होती. ही कथा ऐकून तिनें विचारलें, "आजी, वैकुंठाला गेलेलं माणूस परत कसं गं येईल?" आजी म्हणाली, "देवाच्या दारांत असं विचारूं नये, बाळ." घरीं आल्यावर तिनें तोच प्रश्न वडिलांस केला. वडील चाकणच्या एका कारखान्यांत इंजिनिअर. ते हंसून म्हणाले, "अगं, दंतकथा आहेत त्या. तुझं गणित झालं का?" दोन्ही उत्तरें मायेचीं होतीं, आणि दोन्ही उत्तरांनीं एकच दार लावून घेतलें. आजीनें तें श्रद्धेच्या कडीनें लावलें आणि वडिलांनीं विज्ञानाच्या कडीनें, एवढाच काय तो भेद. पांचसहा वर्षांनीं ती मुलगी उत्तम गुणांनीं दहावी झाली आणि अकरावीस कला शाखेंत जाऊन तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र हे विषय घ्यावयाचे म्हणाली, तेव्हां तें दार तिसऱ्यांदा लागलें. या वेळीं आजी, वडील आणि आई यांचें एकमत होतें. आमचा सल्ला विचारला गेला, आम्हीं तो दिला, आणि तो कोणास रुचला नाहीं. मुलगी विज्ञान शाखेंत गेली. त्या घराशीं आम्हांस भांडावयाचें नाहीं. परंतु तसलीं घरें महाराष्ट्रांत गल्लोगल्लीं आहेत आणि बहुधा आमचे वाचकही त्यांतच राहतात. म्हणून त्या घरांत जीं कारणें पुढें आलीं तीं एकेक घेऊन तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. सोळा-सतरा वर्षांच्या वयांत ज्या मुलास वा मुलीस धर्म आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करावासा वाटतो, त्यास आडवें येणें हें आमच्या सुशिक्षित वर्गाचें शहाणपण नसून भित्रेपण आहे. आणि हें भित्रेपण भाविक घरांत जितकें आढळतें तितकेंच बुद्धिवादी म्हणविणाऱ्या घरांतही आढळतें.

पहिला आक्षेप अर्थातच पोटाचा. हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. ज्या घरीं मुलाच्या पहिल्या पगाराची वाट धान्याचा डबा पाहत असतो, त्या घरास आम्ही उपदेश करीत नाहीं. तेथें तळेगांवच्या कारखान्यांतील नोकरी हेंच तत्त्वज्ञान. परंतु आम्ही बोलतों आहों तें दोन पगार, स्वतःची सदनिका आणि दाराशीं मोटार असलेल्या घरांविषयीं. हीं घरें विज्ञान शाखेच्या दोन वर्षांत खासगी शिकवणीवर जो पैसा ओततात तो पाहतां पोटाची भीति त्यांस खरोखर किती आहे याची शंका येते. शिवाय या घरांचा हिशेबही कच्चा असतो. हींच घरें पुढें मुलगा बावीस वर्षांचा झाला म्हणजे त्यास केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसवितात. त्या परीक्षेंत २०१३ सालापासून नीतिशास्त्राची अडीचशें गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि ऐच्छिक विषयांच्या यादींत तत्त्वज्ञान आहे. तेव्हां मग पुण्यांत वा दिल्लींत खोली घेऊन, कांट आणि गौतम बुद्ध यांच्या मतांच्या छापील टिपणांवर पैसा खर्च करून, आठ महिन्यांत नीति घोटून घेतली जाते. जें सोळाव्या वर्षीं आवडीनें आणि जवळजवळ फुकट मिळत होतें, तें बाविसाव्या वर्षीं धापा टाकीत विकत घ्यावयाचें, हा कोणता व्यवहार? परंतु ही वकिली आम्ही येथेंच थांबवितों. परीक्षेस उपयोगी पडतो म्हणून हा विषय घ्या असें सांगणें म्हणजे अंगारा पोटदुखीवर चालतो म्हणून देवळांत जा असें सांगण्यासारखें होईल.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. धर्म काय तो आमच्या घरींच शिकवितों, त्यास शाळा कशाला, असें म्हणतात. आम्ही विचारतों, घरीं नेमकें काय शिकवितां? आरती कोणत्या हातानें ओवाळावी, एकादशीस काय चालतें, सुतक किती दिवसांचें, हा आचार आहे. तो शिकविण्याचा घराचा अधिकार आम्हांस मान्य आहे आणि त्यांत गोडवाही आहे. पण सत्यनारायणाच्या प्रसादासाठीं ज्या घरांत शंभर पानें उठतात, त्या घरांत ही कथा कोठून आली आणि तींतला देव व्रत मोडणाऱ्यावर एवढा कां रागावतो, असा प्रश्न कोणीं कधीं केला आहे काय? केलाच तर वर सांगितलेल्या दोन उत्तरांपैकीं एक मिळतें. प्रश्नास वाट नाहीं म्हणून तो मरतो असें मात्र नव्हे. तो दुसऱ्या दारानें जातो. आजच्या मुलाचें दुसरें दार त्याच्या तळहातावरील यंत्रांत आहे. तेथें दिवसाकाठीं धर्माविषयीं इतका मजकूर येऊन पडतो कीं तितका पूर्वींच्या शास्त्र्यानें वर्षांत वाचला नसेल. कोणीं रचलें ठाऊक नसलेलें सुभाषित चाणक्याच्या नांवावर, कोणीं जुळविलेल्या ओळी तुकोबांच्या नांवावर, आणि परधर्माविषयीं ऐकीव विष सत्य इतिहासाच्या नांवावर तेथें सुखेनैव खपतें. ‘धर्म घरीं शिकवितों’ म्हणणाऱ्या घरांत आज धर्म खरोखर कोण शिकवितो, याचा शोध आईबापांनीं एकदां घ्यावा.

हीच गोष्ट अभ्यासाच्या अंगानें पाहूं. तुकोबांची म्हणून फिरणारी ओळ तुकोबांचीच कशावरून? हा प्रश्न विचारणें नास्तिकपणाचें आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं सुदुंबऱ्याकडेच पाहावें. मुंबई सरकारच्या आश्रयानें विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनीं संपादिलेली गाथा १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत निघाली. तींत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. पुढें वि. ल. भावे यांनीं १९१९-२० च्या सुमारास निराळी गाथा छापली, ती संताजी जगनाड्यांच्या हातच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या वह्यांच्या आधारें. दोहोंतील अभंगांची संख्या एक नाहीं, पाठही सर्वत्र एक नाहींत. मग खरा तुकाराम कोणता? मुखानें गाइलेला कीं कागदावर उतरलेला? देहूच्या परंपरेंतील कीं संताजींच्या वहींतील? या प्रश्नांवर विद्वानांनीं आयुष्यें वेंचलीं आहेत, आणि त्यामुळें एकाही वारकऱ्याची माळ तुटलेली आम्हीं पाहिली नाहीं.

इंद्रायणीच्या डोहाची कथा घ्या. वह्या पाण्यांत बुडविल्या आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्या निघाल्या, असें भाविक सांगतो. हें कसें शक्य आहे, असें म्हणून चिकित्सक पाठ फिरवितो. अभ्यास करणारा तिसरा मनुष्य असतो, आणि तो वही उघडून बसतो. तेरा दिवसांच्या धरण्याचा उल्लेख खुद्द तुकोबांच्या गाथेंतील अभंगांत आहे, हें त्यास आढळतें. सबंध कथा विस्तारानें सांगणारा महिपति आपलें ‘भक्तलीलामृत’ १७७४ सालीं, म्हणजे तुकोबांमागून सुमारें सव्वाशें वर्षांनीं लिहितो, हेंही त्यास आढळतें. अभंग संताजींसारख्या टाळकऱ्यांनीं लिहून आणि पाठ करून ठेविले होते म्हणून ते तरले, असें सांगणारी दुसरी परंपराही त्यास भेटते. मग तो विचारतो, शूद्राच्या लेखणीस पाण्यांत टाकावें असें कोणास कां वाटलें? आणि पाण्यानें ती परत दिली, असें सांगण्याची गरज समाजास कां भासली? येथें चमत्कार खरा कीं खोटा हा वाद मागें पडतो, आणि सतराव्या शतकांतील धर्म, जात व भाषा यांचें सगळें भांडण डोळ्यांपुढें उभें राहतें.

मूठमातीच्या कथेचेंही तसेंच आहे. वैकुंठास गेलेला गुरु एका तेल्याच्या शब्दाखातर मातींत हात घालावयास परत येतो, असें ज्यांनीं सांगितलें त्यांना काय म्हणावयाचें होतें? मोक्षापेक्षां दिलेला शब्द मोठा, आणि शिष्याची जात गुरूच्या हातास आडवी येत नाहीं, हेंच ना? त्या मुलीस हें तिसरें उत्तर मिळावयास हवें होतें. आजीची श्रद्धा आणि वडिलांचें विज्ञान हीं दोन्ही त्या उत्तरानें अबाधित राहिलीं असतीं, आणि प्रश्नही जिवंत राहिला असता.

तिसरा आक्षेप घेणारे आपणांस पुरोगामी म्हणवितात. शिक्षणांत धर्म शिरला कीं मागोमाग दंडेली शिरते, आणि आपली राज्यघटनाही याच्या विरुद्ध आहे, असें ते बजावतात. यांची भीति खोटी नाहीं. परंतु यांनीं घटना नीट वाचलेली दिसत नाहीं. घटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानें संपूर्णपणें सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धर्मोपदेशास मनाई केली आहे. उपदेश निराळा आणि अध्ययन निराळें. १९६४ ते १९६६ या काळांत काम करणाऱ्या कोठारी आयोगानें हा भेद स्वच्छ शब्दांत मांडला होता: एका धर्माचें शिक्षण देणें हें एक, आणि धर्मांविषयीं शिक्षण देणें हें दुसरें. त्याच्याही आधीं, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगानें पदवीच्या तीन वर्षांत क्रमानें थोर धर्मपुरुषांचीं चरित्रें, धर्मग्रंथांतील निवडक उतारे आणि धर्माच्या तत्त्वज्ञानांतील मूळ प्रश्न शिकवावेत अशी सूचना केली होती. आणि अरुणा रॉय यांच्या खटल्यांत २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, धर्मांविषयींचें शिक्षण घटनेनें निषिद्ध केलेलें नाहीं, असा निर्णय दिला. तेव्हां कायद्याच्या आड लपण्याचें कारण नाहीं. उरला दंडेलीचा प्रश्न. ज्याच्या हातीं तर्कशास्त्र आहे त्याच्यावर दंडेली करणें सोपें, कीं ज्यास हेत्वाभास म्हणजे काय तेंच ठाऊक नाहीं त्याच्यावर? धर्माचा अभ्यास शिक्षणांतून हांकलून दिला तर धर्म समाजांतून जात नाहीं. तो अभ्यासावांचून तेथेंच राहतो, आणि त्यांतच खरा धोका आहे.

चौथा आक्षेप भाविकांचा. चिकित्सा केली कीं श्रद्धा जाते, असें त्यांस वाटतें. आम्ही नम्रपणें म्हणतों कीं ज्या श्रद्धेस बारावीचें पाठ्यपुस्तक मोडूं शकतें, ती श्रद्धा परीक्षेपूर्वींच मोडकळीस आलेली असली पाहिजे. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडल्याखेरीज सिद्धांत सांगण्याची चाल नव्हती. चार्वाकाचें मत आपणांस आज कळतें तें बव्हंशीं त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं मांडून मग त्याचें खंडन करावयाचें, हा त्या ग्रंथकारांचा नेम होता. आपण त्यांचे वंशज म्हणवून घेतों, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नास भितों.

महाराष्ट्रास हा अभ्यास परका नाहीं, याची थोडी आठवण येथें दिली पाहिजे. संकवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेल्या एका गोमंतकीय तरुणाचें शालेय शिक्षण जेमतेम होतें. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकांत त्यानें बुद्धाचें चरित्र वाचलें, आणि १८९९ सालीं घर सोडलें. पुणें, काशी, नेपाळ करीत तो सिंहलद्वीपास पोहोंचला आणि पाली शिकला. धर्मानंद कोसंबी तें हेच. पुढें त्यांनीं फर्ग्युसन महाविद्यालयांत पाली शिकविली, आणि हार्वर्ड विद्यापीठांत जाऊन ‘विसुद्धिमग्गा’च्या संशोधनाचें काम केलें. सिद्धार्थानें म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून घर सोडलें, ही सर्वांस आवडणारी कथा बुद्धावर जीव टाकणाऱ्या याच मनुष्यानें स्वीकारली नाहीं. जुने आधार तपासून शाक्य व कोलिय यांच्यांतील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे त्यांनीं बोट दाखविलें. १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धावरील ग्रंथांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनींही त्या चार दृश्यांची कथा सोडून पाण्याच्या तंट्याचाच मार्ग धरला. चिकित्सेनें यांची भक्ति आटली असें कोण म्हणेल?

डॉ. आंबेडकरांचें उदाहरण तर आमच्या वाचकांनीं विशेष मनन करावें असें आहे. हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा त्यांनीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास केली; नागपुरास दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं. मध्यें एकवीस वर्षें गेलीं. त्या काळांतील राजकारण कांहींही असो. धर्म ही वाचून, तोलून, विचार करून पत्करावयाची गोष्ट आहे, असा धडा त्या एकवीस वर्षांनीं घालून दिला. जोतीराव फुल्यांनीं पक्षाघातानें उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हातानें ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला. तो त्यांच्यामागून १८९१ सालीं छापला गेला. टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत ‘गीतारहस्य’ लिहिलें, तें १९१५ सालीं बाहेर पडलें. या तिघांचीं मतें एकमेकांस छेद देणारीं होतीं. तथापि ज्यास समाज हलवावयाचा आहे त्यास धर्माचा विचार चुकवितां येत नाहीं, यावर तिघांचें ऐक्य होतें. एवढेंच नव्हे, तर या विषयास आश्रय दिला तो एका गिरणीमालकानें. खानदेशांत अमळनेर येथें १९१६ सालीं प्रताप शेटजींनीं तत्त्वज्ञान मंदिर काढिलें. साने गुरुजी आपल्या तरुणपणीं तेथें अभ्यासास राहिले होते. कापडाची गिरणी चालविणाऱ्यास जें समजलें तें मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या आजच्या आमच्या वर्गास समजूं नये, ही खेदाची गोष्ट आहे.

शेवटचा आक्षेप वयाचा. एवढ्या कोंवळ्या वयांत हे जड विषय झेपतील काय? फ्रान्समध्यें माध्यमिक शिक्षणाच्या अखेरच्या वर्षीं तत्त्वज्ञान हा आवश्यक विषय आहे. दरवर्षीं जून महिन्यांत तेथील मुलें चार तास बसून स्वातंत्र्य, सत्य, न्याय असल्या एखाद्या प्रश्नावर निबंध लिहितात. त्यांत पुढें डॉक्टर व इंजिनिअर होणारींही असतात. फ्रेंच मुलास जें झेपतें तें मावळांतील मुलास झेपणार नाहीं, असें मानावयास आधार कोणता? हें तर तेंच वय आहे कीं ज्यांत मनुष्य पहिल्यानें मरणाचा, अन्यायाचा आणि आपण कोण याचा विचार करूं लागतो. चाळिशींत हे प्रश्न फिरून येतात खरे. पण तोंवर ते विचारण्याची संवय मोडलेली असते, आणि मग मनुष्य त्यांचें उत्तर एखाद्या बुवाच्या मंडपांत शोधूं लागतो. आमच्या वर्गांतील किती उच्चविद्याविभूषित गृहस्थ असल्या मंडपांत हात जोडून बसलेले असतात, हें वाचकांस सांगावयास नको. यंत्राचा बिघाड काढतांना जो मनुष्य पुराव्यावांचून पाऊल टाकीत नाहीं, तोच तेथें पुराव्यावांचून पाय धरतो. त्यास सोळाव्या वर्षीं कोणीं विचार करूं दिला नव्हता, हेंच त्याचें खरें कारण होय.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूच्या लोकांनाही सुनावली पाहिजे. गुण सहज पडतात म्हणून तत्त्वज्ञान घ्या, असा सल्ला कांहीं ठिकाणीं दिला जातो. या सल्ल्यानें विषयाचें वाटोळें केलें आहे. मार्गदर्शिकेंतील उत्तरें घोकून जो चार्वाक आणि देकार्त यांचे मुद्दे क्रमांकानें लिहितो, त्यानें तत्त्वज्ञान घेतलें असें आम्ही म्हणणार नाहीं. राज्याच्या मंडळानें २०१९ सालीं अकरावीचीं आणि २०२० सालीं बारावीचीं तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र यांचीं नवीं मराठी पाठ्यपुस्तकें आणिलीं, हें चांगलेंच झालें. पण पुस्तक हें निमित्त आहे. वर्गांत वाद झाला पाहिजे. एकानें पूर्वपक्ष घ्यावा, दुसऱ्यानें तो खोडावा, आणि तास संपल्यावरही दोघांनीं जिन्यांत भांडत राहावें. असें शिकविणारा शिक्षक दुर्मिळ आहे हें आम्हीं जाणतों. विद्यार्थी नाहींत म्हणून तुकडी नाहीं, तुकडी नाहीं म्हणून शिक्षक नाहीं, आणि शिक्षक नाहीं म्हणून विद्यार्थी नाहींत, असें हें चक्र आहे. तें कोठें तरी तोडावयाचें तर प्रथम घरांनींच हात घातला पाहिजे. कला शाखा ही उरलेल्यांची शाखा, मुलीचें लग्न होईपर्यंत वेळ काढण्याची शाखा, असें जोंवर आमच्याच बैठकींत बोललें जातें, तोंवर कोणतेंही सरकारी धोरण कांहीं करूं शकणार नाहीं. शाखाशाखांतील भिंती पाडाव्या असें २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें म्हटलें आहे. परंतु त्या भिंती महाविद्यालयांत नंतर उभ्या राहतात, आधीं त्या दिवाणखान्यांत बांधल्या जातात.

२०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रांत एकाच ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागले, आणि मावळांतील मुलेंही पुण्या-मुंबईच्या मुलांप्रमाणें दहा पसंतिक्रम भरूं लागलीं. आमच्या परिचयाच्या त्या घरांत हा अर्ज भरला गेला तेव्हां आम्ही बसलों होतों. वडील एकेक नांव वाचीत होते, आई गुणांचा हिशेब करीत होती. दहाही रकाने भरले, आणि दहाही ठिकाणीं शाखा एकच होती. मुलगी शेजारीं बसून होती. तिला कोणीं रागें भरलें नाहीं, कोणीं तिच्यावर ओरडलें नाहीं. वडिलांनीं फक्त एकदां विचारलें, "बरोबर आहे ना गं?" ती "हो" म्हणाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आंत गेली.

आमचे वाचक येत्या उन्हाळ्यांत असा अर्ज भरावयास बसतील. आमचें त्यांस मागणें फार नाहीं. मुलाची ओढ जर खरोखर या विषयाकडे असेल, तर दहांपैकीं एका रकान्यांत तरी ती लिहूं द्या. ती ओढ खरी कीं लहरीची याची शंका असेल, तर तत्त्वज्ञानाचें अकरावीचें पुस्तक आधींच आणून त्याच्याबरोबर स्वतः वाचा. दोन महिन्यांत दोघांसही कळेल. आणि विज्ञान शाखेसच जावयाचें ठरलें, तर निदान त्याच्या प्रश्नास कडी लावूं नका. सुदुंबरें तळेगांवाहून फार दूर नाहीं. एखाद्या रविवारीं त्यास तेथें घेऊन जा, मूठमातीची कथा सांगा, आणि तो काय विचारतो तें ऐका. संताजी घाणा सोडून विद्यापीठांत गेले नव्हते. दिवसभर घाण्यावर राबून त्यांनीं रात्रीं लिहून घेतलें असेल, आणि न समजलेला शब्द तुकोबांस पुन्हां विचारलाही असेल. त्या वेळीं तुकोबांनीं त्यांस, असें विचारूं नये, म्हणून गप्प बसविलें असतें, तर आज आपल्या हातीं काय राहिलें असतें?